पाणंदवाडीचे पुराचे खेळ

आकाराम फौजीनं बोलावलेल्या पहिल्या सभेला सतरंज्या जास्त आणि माणसं कमी होती.

मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात त्यानं सतरंज्या स्वतः अंथरल्या होत्या. ग्रामपंचायतीचा माइक लावला होता. शाळेतला फळा आणून त्यावर वारणा नदी काढली होती, तिच्या काठाला पाणंदवाडी आणि गावाच्या वरच्या अंगाला माळावरची शाळा. नदीपासून शाळेपर्यंत तांबड्या खडूचे बाण. सरपंच भाऊसो आले, कारण त्यांना न येऊन चालणार नव्हतं. चार म्हातारी माणसं आली, ती रोज तिथंच बसायची. इंद्रजित आला, त्याच्या गुऱ्हाळाचा हंगाम नुकताच संपला होता आणि दुपारची झोप त्याला लागत नव्हती.

"आपत्ती म्हणजे काय?" आकारामनं माइकवरून विचारलं.

उत्तर त्यानंच दिलं.

"आपत्तीचे प्रकार दोन. एक नैसर्गिक, दुसरी मानवनिर्मित."

त्यानं नैसर्गिक आपत्तीचे उपप्रकार सांगेपर्यंत इंद्रजितला झोप लागली. एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "भाऊसो, च्या कवा यायचा?"

आकाराम चोवीस वर्षं फौजेत होता, तेही इंजिनियरांच्या पलटणीत. पूल बांधायचे, बोटी चालवायच्या, पुरात अडकलेली माणसं काढायची, हेच त्याचं आयुष्य. आणि एकोणीस सालच्या ऑगस्टात वारणा गावात घुसली, तेव्हा तो आसामात दुसऱ्यांच्या गावातली माणसं बोटीत घेत होता. इकडं त्याची बायको राहीबाई आणि त्याची म्हातारी आई घराच्या स्लॅबवर दोन दिवस भिजत बसल्या होत्या. बोट आली, दोघी वाचल्या. पण आईला त्या गारठ्यानं जे धरलं ते सोडलंच नाही. दिवाळीच्या आधी ती गेली. आकाराम सुट्टी काढून आला तो थेट दहाव्याला.

रिटायर होऊन गावी आल्यावर त्यानं ऊस लावला, घराला रंग दिला आणि मग ठरवलं, की गाव तयार करायचं. पुन्हा पूर येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, एकविसाला, आकाराम फौजेतच असताना, तो येऊनही गेला होता. पण पुराचं नाव काढलं की माणसं विषय बदलायची. त्या दिवसांतलं काहीच कुणाला परत बघायचं नव्हतं.

सभा फसली म्हणून आकारामनं भोंगा आणला. एका सकाळी कुणालाही न सांगता, फौजेत करतात तसा, देवळाच्या शिखराला बांधून वाजवला. त्याचा अंदाज होता, की माणसं रांगेनं माळाकडं निघतील. वेळ धारा काढायची होती. भोंगा ऐकून म्हशी उधळल्या. भाऊसोंच्या गोठ्यात दुधाची बादली लवंडली, एक रेडकू थेट ओढ्यापर्यंत पळालं. माणसं माळाकडं नाही, भोंग्याकडं आली, आणि ती हातात काठ्या घेऊन आली.

त्या दिवशी आकाराम जेवला नाही. सोप्यात बसून राहिला.

राहीबाई गावातल्या बचत गटाची अध्यक्ष होती. बायकांना एका जागी बसवणं आणि त्यांच्याकडून काम करून घेणं तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं ताट पुढ्यात सरकवलं.

"आवं, एक बोलू का?"

"बोल की."

"तुमी गावाला पलटण समजताय. पलटणीला पगार असतो. गावानं का म्हणून ऐकायचं तुमचं?"

"आगं, त्यांच्याच जिवाचं हाय ते!"

"जिवाचं हाय म्हणूनच न्हाई ऐकत. भ्या वाटतं. मलाबी वाटतं. तुमी फळ्यावर नदी काढलीसा, तवा मी मंडपाच्या मागनं घरी आले. मला ती बगवंना."

आकारामनं तिच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत त्या दोन दिवसांबद्दल ती त्याच्याशी कधी चार वाक्यंही बोलली नव्हती.

"मग काय करू?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात हुकूम नव्हता.

"पूर म्हणूच नका. खेळ म्हणा. पंचमीला बायका कशाला जमत्यात? खेळायला. लेकरांना बोलवा, बायकांना बोलवा. गडीमाणसं मग बघायला येत्यालीच, कुटं जात्यात."

आकारामला ते पटलं नाही. पुराचा काय खेळ करायचा? पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

पहिला खेळ दोरीचा झाला. शाळेच्या पटांगणात पोरं जमवून त्यानं गाठी शिकवायला घेतल्या आणि सवयीप्रमाणं गाठींची फौजी नावं सांगू लागला. पोरं जांभया द्यायला लागली. राहीबाई लांबून बघत होती. तिनं डोळ्यांनीच काहीतरी खुणावलं. आकाराम थांबला. घसा खाकरला. मग दोरीचं टोक वर धरून म्हणाला, "हा कोण?"

पोरं टोकाकडं बघायला लागली.

"हा नाग. शिराळ्याचा."

शिराळा तिथून हाकेच्या अंतरावर. नाग म्हटल्यावर सगळी पोरं पुढं सरकली.

"ही दावण, म्हंजे झाड. नाग झाडामागनं आला. मग त्यानं हितं बीळ केलं. आन् बिळात शिरला. पर सगळा शिरला का? न्हाई. शेपूट बाहेर ऱ्हायली. आता म्हैस वढू दे, रेडा वढू दे, नाग काय बाहेर येत न्हाई. आन् शेपूट वढली की..."

त्यानं टोक ओढलं. गाठ सपकन सुटली. पोरं ओरडली.

ती एका ओढीत सुटणारी गाठ होती. गोठ्यात पाणी शिरल्यावर ओल्या दाव्याच्या गाठी सुटत नाहीत, कापायला विळा सापडत नाही, आणि जनावर खुंट्यालाच राहतं. एकोणीस साली गावातली कितीतरी जनावरं अशीच गेली होती. हे त्यानं पोरांना सांगितलं नाही. पोरं संध्याकाळी घरी गेली आणि सगळ्या गावाच्या गोठ्यांत नाग सोडून आली. दुसऱ्या दिवशी गडीमाणसं धारेला बसली तर दाव्यांना ही नवीनच गाठ. सुलाबाई तेवढी भांडायला आली.

सुलाबाई म्हणजे ओढ्याकाठच्या शेवटच्या घरातली म्हातारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, घरात ती आणि तिची म्हैस. दोन्ही पुरांत तिनं घर सोडलं नव्हतं. एकोणीसाला तिची आधीची म्हैस तिच्या डोळ्यांदेखत बुडाली. एकविसाला ती नव्या म्हशीपाशीच बसून राहिली आणि तिच्यासाठी दोन पोरांना कमरेएवढ्या पाण्यात रात्र काढावी लागली.

"आकाराम, लेकरा, माज्या म्हशीच्या दाव्याला ही असली गाठ कुणी मारली? सुटून गेली म्हंजे?"

"म्हैस वढू दे की काकी. सुटती का बगा."

सुलाबाई घरी गेली. तासाभरानं परत आली.

"न्हाई सुटत," ती म्हणाली. मग जराशी घुटमळली. "मला घालाय शिकीव."

म्हातारीच्या वाकड्या बोटांना नाग काही धड बिळात शिरेना. तीन-चारदा फसल्यावर ती स्वतःवरच हसायला लागली. आकारामनं तिला असं हसताना लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

मग खेळ वाढत गेले. आकाराम दिवसभर उसात काम करता करता नवीन काहीतरी शोधायचा आणि जेवताना राहीबाईला सांगायचा. त्यातलं अर्धं ती मोडीत काढायची. रिकामे तेलाचे डबे आणि पाण्याचे कॅन दोरीनं बांधून तरंगणारी माच करायची, हे तिला आवडलं. प्रथमोपचाराचं भाषण आवडलं नाही. त्याऐवजी बायकांनी एकमेकींच्या हातापायांना जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या बांधायच्या आणि सगळ्यात फॅशनेबल पट्टीला बक्षीस, असं तिनं ठरवलं. बक्षीस म्हणजे गुळाची ढेप, इंद्रजितकडून.

इंद्रजितनं ढेपेसोबत काहीलही दिली. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची ती भलीमोठी पसरट कढई. पूर आला की या भागातली माणसं तिचीच नाव करतात, पण ती चालवायची कशी हे कुणी कुणाला शिकवत नाही. ज्याच्यावर वेळ येते तो शिकतो नाहीतर उलटतो. इंद्रजितच्या शेततळ्यात जूनच्या सुरुवातीला काहिलीची शर्यत लागली. काठाला दोऱ्या, प्रत्येकाच्या पाठीला दोन-दोन रिकामे कॅन. पहिले उतरले भाऊसो, कारण सरपंच म्हणून उद्घाटनाचा मान त्यांचा. त्यांनी एकाच बाजूनं वल्हं मारलं आणि काहील जागेवरच गरगरा फिरायला लागली. भाऊसो नदीकडं तोंड करून निघाले, की डोंगराकडं तोंड होई.

"आरं थांबवा रं! मला गरगरतंय!"

"दोनी अंगाला मारा वल्हं, सरपंच!" आकाराम काठावरून ओरडला, पण हसण्यात त्याचं कुणाला ऐकू गेलं नाही. तो स्वतःही हसत होता. शेवटी राहीबाई आणि तिच्या गटातल्या दोघी काहिलीत समोरासमोर बसल्या, दोन्हीकडून सारखं वल्हं मारत तळ्याच्या पलीकडं गेल्या आणि परत आल्या. राहीबाई काठावर उतरायला लागली. आकारामनं हात पुढं केला. तिनं तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पंचमीला सगळ्यात मोठा खेळ झाला, गाठोड्यांचा.

नियम सोपा होता. बायका देवळापुढं फेर धरणार आणि राहीबाई फेराचं गाणं म्हणणार. गाणं सुरू झालं की प्रत्येक घरातल्या एकानं पळत घरी जायचं, पुरात घर सोडताना जे न्यायचं ते एका गाठोड्यात बांधायचं आणि गाणं संपायच्या आत परत यायचं. मग गाठोडी सगळ्यांसमोर सोडायची.

न्यायाधीश म्हणून सुलाबाईला बसवलं. ती युक्ती राहीबाईची. म्हातारी आधी नाहीच म्हणत होती. "मी कुटं जायाची न्हाई. मला गाठोडं कशाला?"

"गाठोडं नका आनू. दुसऱ्यांची बगा," राहीबाई म्हणाली.

गाणं सुरू झालं आणि गावात एकच पळापळ उडाली. लुगडी सावरत बायका, लुंगी धरून गडी, मधे पोरं. गाणं संपलं तेव्हा मंडपात गाठोड्यांचा ढीग होता आणि सगळी धापा टाकत होती.

भाऊसोंच्या घरच्या गाठोड्यातून मिक्सर निघाला.

"मिक्सर?" सुलाबाईनं विचारलं. "माळावर चटणी वाटाय बसनार हायसा व्हय?"

"नवा हाय ओ," भाऊसोंची बायको पुटपुटली.

"आन् भाऊसोची साकरंची गोळी कुटं हाय? कालच तर माज्यासमोर घेटली त्यानं."

गोळी नव्हती. मंडप हसला, भाऊसोही हसले, पण जरा कसनुसं. पुढच्या गाठोड्यात टीव्हीचा रिमोट निघाला, टीव्ही घरीच. एका घरानं आधारकार्डं, बँकेची पुस्तकं, सगळं आणलं होतं, पण ते साध्या कापडात. सुलाबाईनं त्यावर तांब्याभर पाणी ओतायची धमकी दिली. एका सुनेनं बाळाचं सगळं आणलं, दूध पावडर, दुपटी, टोपडं, आणि बाळ पाळण्यात विसरून आली. ती तशीच किंचाळत घरी पळाली. बाळ झोपलेलं होतं. ती त्याला घेऊन परत आली तेव्हा हसत होती आणि रडतही होती, आणि तिच्या भोवतीच्या बायकांचंही तसंच झालं. एकोणीस सालानंतर पहिल्यांदाच त्या दिवशी देवळापुढं माणसं पुराबद्दल बोलली. कुणाचं काय वाहून गेलं, कोण कुठल्या पत्र्यावर बसलं होतं, कुणाच्या हातून कोण निसटता निसटता वाचलं. आकाराम खांबाला टेकून ऐकत होता. त्यानं एकदाही मधे तोंड घातलं नाही.

जाताना सुलाबाई त्याच्याजवळ आली. "म्हैस माळावर चढंल का रं? वाट घसरटी हाय."

"सराव देऊ की काकी तिला. रोज संध्याकाळी न्यायची."

"मग मीबी जाईन तिच्यासंगं," म्हातारी म्हणाली. "तिला एकटीला करमायचं न्हाई."

पंचमीचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर टाकला आणि तो फिरत फिरत कोयनानगरला पोचला. तिथं राहीबाईच्या मावसबहिणीची लेक अंकिता शाळेत शिक्षिका होती. तिनं फोन केला. "काका, आमच्याकडं पुरापेक्षा भूकंपाची भीती जास्त. पण तुमचे खेळ मुलांना शिकवाल का? गोकुळाष्टमी झाली की या."

आकारामला आभाळाकडं बघून जायचं मन होईना. पण राहीबाईनंच त्याची पिशवी भरली. "दोन दिसाचा तर सवाल हाय. जावा."

कोयनानगरची शाळा पावसात चिंब होती. आकारामनं तिथल्या पोरांसाठी कासवाचा खेळ काढला. थाळी वाजली की सगळ्यांनी बेंचाखाली कासव व्हायचं, डोकं पोटाशी, हात मानेवर. पोरं झाली कासवं. पण एका पोरीनं बेंचाखालून मान बाहेर काढली.

"सर, एक हात बेंचच्या पायाला धरायचा असतो."

"का गं?"

"जमीन हलली की बेंच चालायला लागतं. आपण खाली आणि बेंच तिसरीकडंच."

ती भूकंपातच वाढलेली पोर होती. आकारामनं तिला पुढं बोलावलं आणि पुढचा तास तिनंच घेतला. अंकिता दारात उभी राहून हसत होती.

त्या रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी अंकितानं बातमी आणली, की पाटणच्या अलीकडं रस्त्यावर दरड आलीय आणि एसटी बंद आहे. आणि वारणेचं पाणी पात्राबाहेर आलंय.

आकारामनं फोन लावला. तो लागायला वेळ लागला.

"राहे, ऐक. पयलं काय करायचं..."

"हॅलो! पानी वड्याच्या पुलावर आलंय," राहीबाई मोठ्यानं बोलत होती. मागं म्हशी हंबरत होत्या, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. "वड्याकाठची घरं रिकामी झाली. आता मधली आळी."

"आदी म्हातारी मानसं काढा. आन् काहील एकटीदुकटीला देऊ नका, आन् मधल्या आळीत लाइट बंद..."

"बंद केली."

"आन् दोरी वड्याच्या..."

"आवं, फोन ठेवा. मला काम हाय."

फोन बंद झाला. आकारामनं पुन्हा लावला, लागला नाही. मग लागेचना. इंद्रजितचा नाही, भाऊसोंचा नाही. टॉवरच गेला असावा.

तो शाळेच्या व्हरांड्यात बसला. समोर धुकं होतं आणि धुक्यात पाऊस. आसामात बोटीवर असताना त्याला अशीच बातमी आली होती, तेव्हाही असाच फोन लागत नव्हता. त्यानं आयुष्यभर परक्यांना वाचवलं आणि आपल्या माणसांच्या वेळेला दर खेपेला तो दुसऱ्याच्या गावात. त्यानं चालत निघायचं ठरवलं. पिशवी उचलली. अंकितानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"काका, दरडीवरून चालत जाणार आहात? तुम्हीच मुलांना काय शिकवलंत काल?"

आकाराम निघाला नाही. तो दिवस त्यानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. मुलं जेवायला बसली तेव्हा त्यानं वाढायला घेतलं, ताटं धुतली, वर्गातलं गळणारं पाणी बादल्यांनी काढलं. कुणी विचारलं, "सर, तुमचं गाव?" तर तो म्हणायचा, "हाय तिथं मानसं." आणि म्हणताना त्याला वाटायचं, आहेत का?

दुसऱ्या दिवशी दुपारी दरड बाजूला झाली. कराडपर्यंत तो दुधाच्या टेम्पोतून आला, तिथून इस्लामपूरपर्यंत एसटीनं आणि पुढं एका ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून. शेवटचा टप्पा चालत. माळाच्या मागच्या अंगानं तो चढून वर आला आणि त्याला खाली वारणा दिसली. ऊस दिसत नव्हता, त्याचे नुसते शेंडे. देवळाचं शिखर पाण्यातून वर आलेलं. ओढ्याकाठचं शेवटचं घर कुठं दिसतच नव्हतं.

तो पुढं निघाला. मग शाळेकडून त्याला आवाज आला. कुणीतरी भांडत होतं.

भांडण सुलाबाईचं आणि इंद्रजितचं होतं. म्हैस शाळेच्या व्हरांड्यात बांधायची की पटांगणात, यावरून. पटांगणात गावाची जनावरं रांगेनं बांधलेली होती. वर्गांमधून धूर येत होता, भात शिजत होता. माणसं होती. त्यानं मोजली नाहीत, पण ज्याला त्याला शोधत त्याची नजर फिरली आणि प्रत्येक वेळी तो माणूस तिला सापडला. बाळाची आई, तिच्या मांडीवर बाळ. चारही म्हातारे. भाऊसो, आणि त्यांच्या शेजारी पुन्हा मिक्सर.

"गोळ्या आनल्यात," भाऊसो त्याला बघून आधी तेच म्हणाले. "मिक्सरचं भांडं हाय न्हवं? त्यातच घालून आनल्या. कोरड्या ऱ्हायल्या."

आकाराम पुढं झाला. त्यानं भाऊसोंच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला.

राहीबाई चुलीपाशी होती. डोळे लाल, आवाज बसलेला, लुगड्याचा काठ चिखलानं ताठ झालेला. तिनं त्याला पाहिलं आणि पळी हातातच धरून विचारलं, "जेवलासा का?"

जेवताना मग सगळं कळलं. सगळेच एकदम सांगत होते. सुलाबाईची म्हैस सगळ्यांच्या आधी माळावर आली, कारण तिला रोजची सवय झाली होती. ती पुढं निघाली आणि तिच्यामागं बाकीची जनावरं आपणहून चालली. काहिलीतून तिघीजणींनी मधल्या आळीतली माणसं काढली, राहीबाई त्यातली एक. आकारामनं आखलेला रस्ता पाण्याखाली गेला, तर त्यांनी शेजारच्या मळ्यातून दुसरा काढला. दोरी त्यानं सांगितली होती तिथं नाही, भलत्याच झाडांना बांधली, आणि तीच बरी पडली. इंद्रजितचं गुऱ्हाळ बुडालं. सुलाबाईचं घर पडलं. चारा आणायचा राहिला, सगळा कडबा भिजला आणि जनावरं कालपासून अर्धपोटी होती.

"खेळात चारा घेटलाच नव्हता की आपन," इंद्रजित म्हणाला.

"व्हय. माजी चूक," आकाराम म्हणाला.

"तुजी का म्हणून?" सुलाबाई फणकारली. "आमी काय मेलो हुतो का? आमाला सुचाय नगं?"

आकारामनं मान खाली घालून भात कालवला. त्याच्या डोळ्यांत आलेलं कुणाला दिसू नये म्हणून. मग तो उठला, इंद्रजितला आणि दोघांना घेऊन पलीकडच्या माळावरच्या वस्तीत गेला आणि अंधार पडायच्या आत ट्रॉलीभर वाळका चारा घेऊन आला. म्हशींच्या पुढ्यात तो पडला तेव्हा पटांगणात एकदम शांतता झाली. नुसता चघळण्याचा आवाज.

पाणी उतरायला काही दिवस लागले. मग गाव खाली उतरलं. घराघरात गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलाचा वास सगळ्यांच्या ओळखीचा होता. सुलाबाई आकारामच्या सोप्यात राहायला आली. तिच्या पुण्याच्या लेकानं घर बांधून द्यायचं कबूल केलं होतं, ओढ्यापासून लांब. "लांब म्हंजे लय लांब नगं," म्हातारी बजावत होती.

आकाराम आणि राहीबाई आतल्या खोलीतला चिखल ओढत होते. तो फावड्यानं, ती पाट्यांनी. पाट्यांवर पाट्या बाहेर गेल्या. मग तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "मी ह्या खेपंलाबी नव्हतो."

"व्हय."

"राग आला का?"

राहीबाईनं पाटी खाली ठेवली. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"खरं सांगू? एकोनीसाला स्लॅबवर बसून मी तुमाला लय शिव्या घातल्या. आत्याबाई मांडीवर कुडकुडत हुत्या आन् मी शिव्या घालत हुते. म्हटलं, सगळ्या जगाला बोटी हायत आन् माज्या घराला न्हाई." ती थांबली. तिच्या बसलेल्या आवाजात हसू आलं. "ह्या टायमाला मला तुमची यादच आली न्हाई. कामच तेवढं हुतं."

आकाराम फावड्यावर हात टेकून तिच्याकडं बघत राहिला. आणि मग तो इतक्या मोठ्यानं हसला की सोप्यातून सुलाबाईनं विचारलं, "काय झालं रं?"

"काय न्हाई काकी," त्यानं सांगितलं, आणि भरलेली पाटी उचलून तो बाहेर निघाला.